बाटलीतलं उसनं

आमच्या पेठेतल्या सरकारी बाळंतपणाच्या दवाखान्यात एक संडास होता आणि त्याला कुलूप होतं. किल्ली आयाबाईच्या कमरेला असायची. आत पाणी चढत नाही म्हणून तिथं मोडक्या खाटा आणि चुन्याची पोती भरून ठेवलेली होती. जिथं दिवस गेलेल्या बाया सकाळपासून उन्हं डोक्यावर येईपर्यंत बसून राहतात, ज्यांना घडीघडीला उठावं लागतं, तिथला एकुलता एक संडास चुन्यासाठी राखून ठेवायचा, हे डोकं कुणाचं, ते मला कधी कळलं नाही. त्या माणसाला मी जन्मभर शिव्या दिल्यात. इथं लिहायच्या म्हणून आवरत्या घेते आहे, एवढंच.

दुष्काळ सरून पहिलं पीक घरात आलं, त्या वर्षी अक्का पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं सासर मंगळवेढ्याकडं, काळ्या रानातलं. आप्पा गिरणीत कामाला होते, आणि आम्ही सगळे चाळीतल्या दोन खणांत राहत होतो. सातवा लागला तसे आप्पा एस.टी.नं जाऊन तिला घेऊन आले. तिच्या नवऱ्यानं सोबत ज्वारीचं एक पोतं दिलं होतं. सासरचं खाल्लं की लेकरू सासरच्या वळणाचं होतं, असं तिच्या सासूचं म्हणणं. आई म्हणाली, "होऊ दे की, वळण कसं बी आसू दे, नीट होऊ दे." मी तेव्हा शाळेत होते, आठवीत की नववीत, आणि अक्का आल्याचा मला एवढा आनंद झाला होता की मी दोन दिवस शाळाच बुडवली.

आईबद्दल एक सांगायला पाहिजे. आमच्या दारातून कुणी रिकाम्या वाटीनं परत गेलं, असं कधी झालं नाही. विरजण, चहाची पत्ती, रॉकेल, चाळण, पाटा, जे मागाल ते. कधी कधी आम्हालाच चहा बिनसाखरेचा प्यावा लागे, कारण साखर शेजारी गेलेली असायची. आप्पा म्हणायचे, "ही बाई एक दिवस मला बी उसनं देईल कुणाला." आई म्हणायची, "तुमाला कोण घेतंय." चाळीत तिचा शब्द चालायचा तो या देण्यावर.

फक्त एका बाबतीत तिचा हात आखडता असे. पोटुश्या बाईचं काहीही परक्याच्या हाती जाऊ द्यायचं नाही. केस नाही, नख नाही, अंगावरचं जुनेर नाही. कोण काय करेल, कोण कुठं पुरेल, सांगता येत नाही. अक्का केस विंचरायची तेव्हा आई शेजारी बसून गुंतवळ गोळा करायची आणि चुलीत टाकायची. तिच्याआधी आईची दोन मुलं जाऊन अक्का जगली होती. त्यामुळं या भीतीला हसायची सोय आमच्या घरात कुणालाच नव्हती.

दवाखान्यात नाव घालायला आम्ही बुधवारी गेलो, कारण गरोदर बायांचा वार बुधवार. नाव घालणं म्हणजे तिथं आधी नाव नोंदवून ठेवायचं, म्हणजे वेळ आली की खाट मिळते. नर्सबाई एकट्याच होत्या, आणि समोर बायांची रांग व्हरांडा संपून पायऱ्यांवर आलेली. डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदा येतात असं सगळ्या सांगत, पण कुठल्या दिवशी ते कुणालाच माहीत नव्हतं. रक्ताचा दाब बघायचं यंत्र त्यांच्या कपाटात होतं, आणि कपाट त्या आल्या की उघडायचं. राहिलं काय, तर पोट दाबून बघायचं, लाल गोळ्यांची पुडी द्यायची आणि लघवी तपासायची. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं अशातली गत. त्यातल्या त्यात लघवीची तपासणी तरी खरी होती. काचेच्या नळीत ती घ्यायची, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची, पांढरं साकळलं की बाई धोक्यात, नाही साकळलं की बरी.

"बाटली कुठाय?" नर्सबाईंनी विचारलं.

"कसली बाटली?" आई म्हणाली.

"लघवीची. घरून आणायची. इथं सोय नाही. पुढच्या बुधवारी आणा, त्याशिवाय तपासणार नाही."

घरून आणायची म्हणजे काय, हे आमच्या चाळीत राहिल्याशिवाय कळायचं नाही. संडास चाळीच्या टोकाला, रांगेतले. तिथून बाटली भरून घेऊन यायचं म्हणजे नळावरच्या बाया, पानाच्या टपरीवरचे बापये, गिरणीतून सुटलेली पाळी, सगळ्यांसमोरून यायचं. अक्काला तर सासरी अंधार असतानाच रानात जाऊन यायची सवय लागलेली. दिवसाउजेडी तिला होतच नसे. "आई, मला न्हाय जमायचं," एवढंच ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले. वर आईची ती भीती. अंगातलं पाणी बाटलीत भरून परक्या बाईच्या टेबलावर ठेवायचं, ती पुढं ते कुठं ओतणार, कुणाला देणार, काय नेम? आई रात्रभर कुशी बदलत होती.

पुढच्या बुधवारी आईनं खोकल्याच्या औषधाची एक रिकामी बाटली धुऊन पिशवीत टाकली. तिथं गेल्यावर बघू, म्हणाली. तिथं गेल्यावर बघण्यासारखं एकच होतं, ते कुलूप. दवाखान्यामागं एक पडकी भिंत होती, पण भिंतीपलीकडं टांगेवाल्यांचा अड्डा. रांगेतल्या निम्म्या बायांच्या हातात अशाच रिकाम्या बाटल्या होत्या. बाहेर सोय नाही म्हणून त्या सकाळपासून पाण्याचा घोट न घेता आलेल्या. ओठ सुकलेले, आणि हातात रिकामी बाटली.

मग मला पहिल्यांदा एक विडीवाली दिसली. आमच्या पलीकडच्या पेठेतली, तेलुगू बोलणारी, नवरा मागावर कापड विणणारा आणि ही घरी विड्या वळणारी. चौथी खेप होती तिची. काळीसावळी, ठसठशीत, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिच्या हातात मोठी बाटली होती, काठोकाठ भरलेली, वर कागदाचा बोळा. लाजबीज काही नाही. शेजारच्या बाईच्या बाटलीत ती थोडं ओतत होती, तेल ओतावं तसं जपून, आणि हसत होती.

"नीळ्ळु पिते मी लई," ती व्हरांड्यातल्या रांजणाकडं बोट करत म्हणाली. नीळ्ळु म्हणजे त्यांच्यात पाणी. "सकाळी उठली की तांब्याभर. माझं पुरतं सगळ्यांना. आण, अक्का, बाटली आण."

रांगेत कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. उलट जिच्याकडं आहे तिनं नसणारीला द्यावं, यात बायांना शेजारधर्मच दिसत होता. नर्सबाईंना बाटली पाहिजे होती, बाटली मिळत होती. कुणाला ठाऊक होतं त्या नळीत नेमकं काय बघतात ते? कुणी सांगितलं होतं? "लघवी आणा" म्हणून दरडावलं होतं, कशासाठी ते सांगितलं नव्हतं. रेशनच्या दुकानात कार्ड दाखवावं लागतं, तसं इथं हे दाखवावं लागतं, अशीच सगळ्यांची समजूत.

तरी आईनं तिला विचारलं, "बाई, तुला भ्या न्हाय वाटत? आपल्या अंगातलं असं दुसरीला देतीस. कुणी काय केलं म्हंजे?"

विडीवाली खदखदून हसली. "माझ्यावर कोण करणी करंल? तीन पोरं, सासरा, नवरा दारू पितो. करून काय घेतील?"

आईनं क्षणभर विचार केला. देण्यात धोका होता, घेण्यात नव्हता. तिनं बाटली पुढं केली. जन्मभर दुसऱ्यांच्या वाट्या भरणारी माझी आई त्या दिवशी मागणारी झाली, आणि मला आठवतं, तिनं त्या बाईला "लई उपकार झाले बाई" असं म्हटलं.

नर्सबाईंनी ते उकळलं. नळी स्वच्छ, नितळ. "छान आहे," त्या म्हणाल्या. अक्का लाजून हसली, परीक्षेत पास झाल्यासारखी.

असे किती बुधवार गेले. प्रत्येक वेळी विडीवाली असायची, आणि तिच्या बाटलीवर निम्मी रांग पास व्हायची. नर्सबाईंना कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. एकाच रंगाच्या आठ-दहा बाटल्या समोर मांडलेल्या दिसत असताना ज्या माणसाला शंका येत नाही, त्याला ती येऊ द्यायची नसते. पण त्या एकट्या, रांग एवढी, आणि संडासाची किल्ली त्यांच्याकडं नव्हती. त्यांच्यावर मी फार चिडू शकत नाही. प्रयत्न केला, जमलं नाही.

आठव्यात अक्काचे पाय भरले. चाळीतल्या बाया म्हणाल्या, "चांगलं हाय, माहेरची भाकरी अंगी लागलीया." डोहाळजेवणाला कासार बांगड्या भरायला आला, तर हिरव्या बांगड्या तिच्या हातात चढेनात. कासारानं साबण लावला, हात दाबला, शेवटी दोन मापं मोठ्या बांगड्या काढल्या. सगळ्या बाया हसल्या. अक्काही हसली, पण नंतर मला म्हणाली, "माझा हात माझा वाटंना झालाय गं." फुलांच्या दागिन्यांत ती एवढी सुंदर दिसत होती की माझी तिच्यावरची नजर हलत नव्हती. तोंड गोल, भरलेलं, चमकणारं. आता कळतं की ते तेज नव्हतं, ती सूज होती. आम्ही सूज ओवाळली.

त्याच्या पुढच्या बुधवारी नर्सबाईंनी तिच्या नडगीवर बोट दाबलं. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला. नर्सबाई थोड्या थांबल्या. मग टेबलावरची नळी उचलून उजेडात धरली. नितळ. "लघवीत काही नाही," त्या म्हणाल्या, "म्हणजे पाय नुसते लोंबकळून सुजलेत. मीठ कमी खा, पाय वर घेऊन झोपा." एवढं बोलून त्यांनी पुढचीला हाक मारली. तो खळगा त्यांना खरं सांगत होता, पण नळी त्यांना दुसऱ्या बाईचं खरं सांगत होती, आणि त्यांनी नळीवर विश्वास ठेवला. कुणीही ठेवला असता.

नंतर अक्काचं डोकं दुखायला लागलं. दिवसा डोळ्यांपुढं चांदण्या दिसतात, म्हणायची. आईनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. चुलीत त्या तडतडल्या तशी आई म्हणाली, "बघ, केवढी नजर लागली व्हती." आप्पा म्हणाले, दवाखान्यात दाखवू या का. आई म्हणाली, "परवाच दावलंय की. चांगलं हाय म्हणाल्यात." हे वाक्य माझ्या कानात आजही आहे. दवाखान्यात नेलंच नसतं, तर आई घाबरली असती आणि कुठंतरी घेऊन पळाली असती. दवाखान्यानं चांगलं म्हटल्यामुळं आम्ही घरी बसलो.

दुपारी नळाला पाणी आलं होतं. आई नळावर, मी भांडी घासत होते. अक्का उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होती. ती शेंगांसकट एका बाजूला कलंडली. मला वाटलं तिला हसू आलं, कारण तिचं तोंड वाकडं झालं होतं. मग सगळं अंग ताठलं आणि झटके सुरू झाले. हिरव्या बांगड्या फरशीवर आपटून फुटत होत्या, तो आवाज मला अजून सहन होत नाही. माझ्या घरात मी काचेच्या बांगड्या भरत नाही. लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

टांग्यात आई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, तिच्या दातांत चमचा अडकवून. मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी नळी घालून अक्काची लघवी काढली आणि तिथंच उकळायला पाठवली. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी अक्काची स्वतःची लघवी तपासली. थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या.

"हिची लघवी कधी तपासलीच नव्हती का?" त्यांनी आईला विचारलं.

"तपासली की," आई म्हणाली. "दर बुधवारी. चांगली निघाली."

"चांगली कशी निघेल? सगळं साकळलंय. हे काही आज झालेलं नाही. नीट आठवा. हिचीच तपासली होती ना?"

आईनं पदराचा बोळा करून तोंडात धरला. मी तिच्याकडं बघत होते, आणि तिच्या तोंडावर ते कळत गेलेलं मी पाहिलं. माझ्या आईच्या तोंडावर मी खूप काही पाहिलंय पुढं, म्हातारपण, आप्पांचं जाणं, पण तसं परत पाहिलं नाही.

मुलगा झाला, मेलेला. अक्का दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना गेली, शुद्धीवर न येता.

मंगळवेढ्याहून तिचा नवरा आणि सासू आले, ते एस.टी. चुकल्यामुळं उशिरा. सासू रडली, आणि रडता रडता म्हणाली, "हितं माहेरात हयगय झाली. आमच्याकडं धडधाकट व्हती पोर." आप्पांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आईनं त्यांचा हात धरला. ज्वारीचं अर्धं पोतं कोपऱ्यात तसंच होतं. आईनं ते त्यांच्याबरोबर परत पाठवलं.

अक्काला हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून नेलं. ओली बाळंतीण गेली की ती परत येते, घरादाराला झोंबते, अशी समजूत. चाळीतल्या एका म्हातारीनं उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत राळे, ते मोहरीएवढे धान्याचे दाणे, टाकायला घेतले, म्हणजे परत येणारी ते वेचत बसते आणि तेवढ्यात उजाडतं. उंबऱ्यात ठोकायला खिळाही आणला होता. आईनं तिच्या हातातून राळ्याचं सूप काढून घेतलं.

"आली तर येऊ दे की," आई म्हणाली. "तिचंच घर हाय."

राळे आईनं पाखरांना टाकले.

महिन्याभरानं विडीवाली आमच्या दारात आली. हातात दुपट्यात गुंडाळलेली गुटगुटीत तान्ही मुलगी. दवाखान्यात अक्का दिसली नाही म्हणून पत्ता विचारत विचारत आली होती. तोंडभर हसत म्हणाली, "अक्काला काय झालं? पोरगा का पोरगी?" मी आत पळाले. मला वाटलं, आता आई हिला काय काय बोलेल. आई उठली, तिला पाट दिला, हळदकुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली. मग म्हणाली, "आमची गेली बाई." विडीवाली जागच्या जागी थिजली. ती तेलुगूत काहीतरी बोलत रडत राहिली आणि आईच तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. बाटलीबद्दल आईनं एक शब्द काढला नाही.

ती गेल्यावर मी आईवर ओरडले. तिच्यामुळं झालं, म्हणाले.

"तिचा काय गुन्हा?" आई म्हणाली. "मी मागितलं, तिनं दिलं. तिनं न्हाय म्हणायला पायजे व्हतं, असं म्हणतीस व्हय तू? आपल्यात न्हाय म्हणतंय का कुणी?" आईनं पुन्हा तो विषय काढला नाही.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी मला दिवस गेले. माझं लग्न गावातच झालेलं. बाळंतपणाला माहेरी आले तशी मी आईला म्हणाले, आपण सरळ मोठ्या दवाखान्यात जाऊ. आई म्हणाली, "तितं बी जाऊ. पण आदी हितं जायाचं." का, ते सांगितलं नाही. मला राग आला. ज्या पायऱ्यांवर अक्का बसली होती तिथं मला बसवणार ही. पण आईपुढं माझं कधी चाललं होतं?

बुधवारी सकाळी तिनं मला तांब्याभर पाणी पाजलं, बाटली हातात दिली, आणि मी संडासातून आल्यावर ती माझ्याकडून घेतली. पिशवीत नाही, पदराखाली नाही. हातात धरून, उघडी, अख्ख्या चाळीसमोरून ती चालत निघाली. नळावर एकीनं विचारलं, "मावशी, काय घेतलंय?"

"लेकीचं मूत हाय," आई म्हणाली. "तपासायला नेतीया."

जी बाई केसाचा गुंतवळा परक्याच्या नजरेला पडू देत नव्हती ती हे बोलत होती. मला लाजेनं मेल्यासारखं झालं, आणि मग लाज गेली. पानाच्या टपरीपर्यंत लाज पार गेली होती.

दवाखाना होता तसाच होता. फक्त कुलूप नवं होतं. रांगेत बाया, हातात रिकाम्या बाटल्या, सुकलेले ओठ. आम्ही बसलो तशी शेजारची एक पोर जवळ सरकली. अठरा-एकोणीसची असेल, जेऊरकडची, नवरा इकडं हमालीला. सासूबरोबर आलेली. पाय एवढे सुजलेले की चप्पल तिनं पिशवीत ठेवली होती. तिनं आईकडं बघत हळूच बाटली पुढं केली.

"मावशी, वाईच द्या की."

"न्हाय," आई म्हणाली.

आईच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. पोरीचा हात तसाच पुढं राहिला. तिची सासू तडकली. "एवढी कसली वं मिजास? सोनं मागितलं का तुमाला? मूत मागितलं."

"माझ्या थोरलीला दुसरीचं दिलं व्हतं मी," आई म्हणाली. आवाज चढवला नाही, पण व्हरांडाभर ऐकू गेलं. "हितंच. ते चांगलं निघालं. माझी लेक गेली. जिचं तिचंच द्यावं लागतंय बाई. दुसरीचं देऊन भागत न्हाय."

मग एका बाईनं नुकतीच मागून घेतलेली बाटली मोरीत उपडी केली. ज्यांनी मागून घेतलं होतं त्या सगळ्या आता आपापल्या बाटलीकडं बघत होत्या.

"मग जायाचं कुटं?" पोरीनं विचारलं. तिचा प्रश्न बरोबर होता.

तेव्हा आईनं पिशवीतून तिचं जुनं नऊवारी लुगडं काढलं. मला तेव्हा कळलं की ती इथंच का आली. दवाखान्यामागच्या पडक्या भिंतीच्या कोपऱ्यात तिनं लुगड्याचं एक टोक हातात धरलं, दुसरं मला दिलं. मी पोट सावरत ते धरून उभी राहिले. "जावा एकेक," ती म्हणाली. "मी हाय हितं." आधी रांजणाचं पाणी प्यायला लावलं सगळ्यांना. भिंतीपलीकडून एक टांगेवाला मान उंचावून बघायला लागला, तर आई त्याला म्हणाली, "बापू, तू बी आईच्याच पोटातनं आलायस. घोड्याकडं बघ." तो बिचारा खरंच घोड्याकडं बघायला लागला. एकेक बाई आत जात होती, लाजत होती, उशीर लावत होती. आई घाई करत नव्हती. माझे हात भरून आले होते. उन्हात त्या पातळ झालेल्या लुगड्याआड बायांच्या सावल्या दिसत होत्या, आणि मला प्रत्येक सावली अक्काची वाटत होती. रडू आलं, पण हात मोकळे नव्हते, म्हणून तसंच वाहू दिलं.

नर्सबाई त्याच होत्या, केस पिकलेले. त्यांनी आईला ओळखलं की नाही, कोण जाणे. आज बाटल्या वेगवेगळ्या रंगांच्या होत्या. कुठलं गढूळ, कुठलं गडद, कुठलं पाण्यासारखं. त्यांनी त्या बघितल्या, मग बायांकडं बघितलं, आणि काही न बोलता दिवा पेटवला. एक, दोन, नितळ. मग जेऊरच्या पोरीची नळी. खालून उकळी फुटली आणि वरचा भाग हळूहळू पांढरा झाला, नासलेल्या दुधासारखा. नर्सबाई ताडकन उठल्या. "टांगा बोलवा," त्या आयाला म्हणाल्या, "मोठ्या दवाखान्यात. आत्ताच्या आत्ता. चालत नेऊ नका हिला." मघाशी भांडलेली सासू आता आईचा दंड घट्ट धरून उभी होती. मघाचाच टांगेवाला आला. दोघींना घेऊन टांगा गेला. त्या पोरीचं पुढं काय झालं ते मला कळलं नाही. पुष्कळदा वाटलं, जेऊरच्या बाजूचं कुणी भेटलं की विचारावं, पण विचारणार काय? नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

आई टेबलापाशी उभी होती. ती नळी नळ्या ठेवायच्या लाकडी घोडीत तशीच होती. आई वाकली आणि तिच्याकडं बघत राहिली. एवढी वर्षं जे तिला कुणी दाखवलं नव्हतं ते समोर होतं.

"एवढंच बगायचं व्हतं व्हय?" तिनं विचारलं.

"हो, मावशी," नर्सबाई म्हणाल्या. "एवढंच."

मग त्यांनी नळी मोरीत उपडी केली, पाण्यानं विसळली आणि पुढचं नाव घेतलं. ते माझं होतं. आईनं माझी बाटली दोन्ही हातांत धरून पुढं केली.